नीरेपलीकडची माहेरवाशीण

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना आमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी विषयही सांगून टाकला. "एकटी बाई समाजाला जागे करण्यासाठी काय करू शकते, यावर लिहा," असे त्या म्हणाल्या. मी म्हटले, "बाई, हा विषय पुढाऱ्यांचा. आपण भोर-वेल्ह्याच्या संसारी बायका. आपण कोणाला जागे करणार?" त्या हसून म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला सांगितले."

घरी आले, दिवेलागण झाली, भाकऱ्या झाल्या, तरी तो प्रश्न मनातून जाईना. आणि मग आपल्या शेजारच्याच एका माहेरवाशिणीची आठवण झाली. तिचे नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. तिची तसबीर आपल्या शाळांतून लावलेली असते. परंतु ती आपली किती जवळची शेजारीण होती, आणि माहेरी आली असताना तिने काय काय केले, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक नसावे असे वाटते. म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द लिहिते.

भोर गावाशेजारून नीरा वाहते. वेल्ह्याकडची, म्हणजे ज्या तालुक्याला राजगड हे नाव मिळाले त्या बाजूची, गुंजवणी पुढे तिलाच जाऊन मिळते. ह्या नीरेच्या पलीकडे शिरवळ, आणि शिरवळजवळ खंडाळा तालुक्यात नायगाव. तेथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. त्या काळी नदीच्या अलीकडे भोरचे पंतसचिव व पलीकडे साताऱ्याचे राज्य. राज्ये दोन होती, पण रीतभात एकच होती. जातीची उतरंड तीच, सोवळेओवळे तेच आणि मुलींची लग्नेही त्याच वयात. १८४० साली सावित्रीबाईंचे लग्न झाले तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या व जोतीराव १३ वर्षांचे.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. जोतीरावांनी पत्नीला शिकविले, १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वाटेने जाताना लोकांनी त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला, तरी शाळा चालू राहिली. हे सारे आपण दरवर्षी ३ जानेवारीला भाषणांतून ऐकतो. मला आज सांगावयाचे आहे ते निराळेच. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्यात ती वाचावयास मिळतात. ह्या तिहींपैकी दोन पत्रे नायगावहून, म्हणजे आपल्या ह्या नीरेच्या पलीकडून लिहिलेली आहेत. नवऱ्याला लिहिलेली पत्रे म्हटली की आपण क्षेमकुशल व घरखर्च यांची अपेक्षा करतो. ह्या पत्रांत क्षेमकुशल थोडे आणि गावात काय घडले व आपण काय केले हेच फार आहे.

पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई पुण्यात आजारी पडल्या व विश्रांतीसाठी माहेरी आल्या. भावाने त्यांची मनापासून शुश्रूषा केली, हे त्या आवर्जून लिहितात. पुण्यातल्या शाळेचा भार फातिमा शेख यांच्यावर पडला असेल, पण त्या कुरकुर करणार नाहीत, असाही विश्वास त्या व्यक्त करतात. आणि मग घरात झालेला एक वाद सांगतात.

वाद घालणारा परका कोणी नव्हता. ज्याने औषधपाणी दिले तोच भाऊ होता. त्याचे म्हणणे असे की, तू व तुझा नवरा महारामांगांसाठी काम करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकले ते योग्यच झाले; जातीच्या रूढीप्रमाणे वागावे, ब्राह्मण सांगतील तसे करावे. भावाचे हे बोलणे ऐकून आईसुद्धा कष्टी झाली. आता ह्या ठिकाणी आपल्यातील कितीजणी गप्प बसल्या असत्या, ते प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावे. अंगात ताप, माहेरचा आसरा, समोर सेवा करणारा भाऊ. "जाऊ दे, चार दिवसांची पाहुणी मी, कशाला वाद!" असे म्हणण्यास सर्व कारणे हजर होती.

सावित्रीबाई गप्प बसल्या नाहीत. पण त्या बोलल्या कशा, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी भावाला ग्रंथातले काही सांगितले नाही. त्याच्याच गोठ्यातले व त्याच्याच सणावारातले उदाहरण दिले. तू गायी-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांना शिवत नाहीस ते का, याचे कारण सांग, असे त्यांनी विचारले. इतकेच नव्हे, तर सोवळ्यात असलेले ब्राह्मण तुलाही विटाळच मानतात, हेही त्याच्या ध्यानात आणून दिले. भावाला राग आला. मग त्याच्या मनातले खरे दुखणे बाहेर पडले. लोक तुम्हाला शिव्या देतात, ते मला सहन होत नाही, असे तो म्हणाला. म्हणजे विरोधाच्या मुळाशी पुष्कळसे बहिणीवरचे प्रेम आणि लोकलज्जेचे भयच होते! तेव्हा सावित्रीबाईंनी शिक्षणाचे महत्त्व शांतपणे समजावून सांगितले. शेवटी आईचे व भावाचे मन पालटले, असे पत्रावरून दिसते.

भगिनींनो, आपण जागृती म्हटली की मांडव, ध्वनिक्षेपक व पाहुणे यांची जुळवाजुळव करू लागतो. ह्या पत्रात मांडव नाही. श्रोते दोनच, आई आणि भाऊ. पण परक्या शंभर माणसांपुढे भाषण करण्यापेक्षा ज्याच्या हातची पेज आपण पितो त्याच्याशी असहमत होणे अधिक कठीण असते. सभेतल्या श्रोत्यांची आपल्याला पुन्हा गाठ पडत नाही. भावाची पडते. म्हणून तेथे खोटे बोलता येत नाही व तोडूनही टाकता येत नाही.

दुसरे पत्र बारा वर्षांनंतरचे आहे, २९ ऑगस्ट १८६८ चे. पुन्हा नायगावच. ते समजण्यासाठी मधली एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी वरच्या म्हणविणाऱ्या जातींत बालविधवांना पुनर्विवाहाची मनाई होती. एखादीचा पाय घसरला किंवा कोणी तिला फसविले, तर तिला विहीर जवळ करावी लागे, नाही तर जन्मलेले मूल नाहीसे करावे लागे. म्हणून १८६३ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात आपल्या घराशेजारी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याची माहिती देणारे जाहीर कागद पुण्यात भिंतींवर लावण्यात आले होते. येथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल ठेवावे की न्यावे हे तुमच्या इच्छेवर, अशा अर्थाचा तो मजकूर होता. १८८४ पर्यंत ३५ ब्राह्मण विधवा तेथे येऊन बाळंत झाल्याचे खुद्द जोतीरावांनी नमूद केले आहे. अशाच एका विधवेच्या मुलाला ह्या दांपत्याने दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. भिंतीवर कागद डकविणे सोपे असते. परंतु त्या कागदाखाली स्वतःच्या घराचा पत्ता लिहावयाचा, ह्याला धैर्य लागते.

अशी ही बाई १८६८ च्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास माहेरी होती. गावात गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत फिरत असे. त्याचे व सारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले. ती सहा महिन्यांची गरोदर आहे असे कळताच गाव खवळले. लोकांनी दोघांना पकडले, मारीत मारीत गावातून फिरविले, आणि आता त्यांचा जीव घेणार अशी वेळ आली. सावित्रीबाईंच्या कानावर हे गेले, तशा त्या धावत तेथे गेल्या. जमाव रागाने आंधळा झालेला, बहुतेक माणसे ओळखीची, माहेरच्या गावची. त्यांनी तेथे प्रेमाचे किंवा समतेचे व्याख्यान दिले नाही. खुनाला इंग्रज सरकारच्या कायद्याने कोणती शिक्षा होते ते त्यांनी लोकांना सांगितले. मारणारे हात थांबले. मग दोघांनी गाव सोडून जावे असे ठरले, व ते दोघांनीही मान्य केले. दोघे सावित्रीबाईंच्या पायांवर पडून रडू लागली. त्यांनी त्यांना धीर दिला आणि पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले.

ही गोष्ट सांगताना आपण उगीच गोड शेवट करू नये. नायगाव त्या दिवशी सुधारले नाही. गणेश व सारजा यांना गाव सोडावे लागले. पण दोन, किंबहुना तीन जीव वाचले. आणि आपल्या हातून होणार होते ते पाप होते, निदान गुन्हा होता, हे त्या जमावातील प्रत्येकाला घरी जाताना समजले असेल. कधीकधी एका माणसाने एवढेच करावयाचे असते. सगळे एका बाजूला धावत असताना मध्ये उभे राहून, "थांबा, हे काय करता?" असे विचारावयाचे. कायदा काय म्हणतो एवढे माहीत असले, तर तो प्रश्न विचारण्याला बळ येते. म्हणूनच आपल्या मंडळात कायद्याची माहिती देणारे वर्ग होतात, तेव्हा भांडीधुणी बाजूला ठेवून त्यांना यावे, असे मी नेहमी सांगत असते.

तिसरे पत्र माहेरचे नाही. ते २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरकडील ओतूरहून लिहिलेले आहे. १८७६ व १८७७ ह्या सालांचा दुष्काळ दख्खनभर पसरला होता. गुरे चाऱ्यावाचून मरत होती, माणसे गाव सोडून चालली होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतीसाठी फिरत होते, आणि सावित्रीबाई तेथे हजर होत्या. सावकारांच्या विरुद्ध गडबड झाल्यावर पोलिसांनी पुष्कळ सत्यशोधकांना पकडले. कलेक्टरसाहेबांनी सावित्रीबाईंना बोलावून विचारपूस केली, तेव्हा त्यांनी आमची माणसे निरपराध आहेत असे निर्भयपणे सांगितले व लोकांची दशा त्यांच्यापुढे मांडली. माणसे सुटली, आणि साहेबांनी भुकेल्यांसाठी ज्वारी पाठविली. येथे त्यांचे बळ कशात होते? त्या ओतुरात स्वतः राहिल्या होत्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून अधिकाऱ्यापुढे त्यांची जीभ अडखळली नाही. ऐकीव गोष्टींवर बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारला की तो गोंधळतो. पाहणारा गोंधळत नाही.

ह्या तिन्ही पत्रांत मला एक धागा दिसतो. सावित्रीबाई प्रत्येक वेळी जेथे होत्या तेथूनच बोलल्या. आजारी होत्या तर अंथरुणावरून, माहेरी होत्या तर गावाच्या रस्त्यात उभ्या राहून, दुष्काळात होत्या तर कलेक्टरपुढे. मोठी जागा मिळेल, मोठा प्रसंग येईल, मग बोलू, असे त्यांनी म्हटले नाही. आणि दुसरे असे की, जे घडले ते त्यांनी लिहून ठेविले. नायगावातला तो दिवस पाहिलेली माणसे केव्हाच गेली. पत्र लिहिले नसते तर गणेश व सारजा यांचे नावही कोणाला कळले नसते, आणि गावाने आपली लाज सोयीस्करपणे विसरून टाकली असती. लिहून ठेवणे हीदेखील जागृतीच होय, व ती जिला चार अक्षरे येतात तिला करता येते.

याचे आणखी एक उदाहरण त्यांच्याच शाळेतले आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी. तिने महारमांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत छापला. आपल्या माणसांचे हाल कोणी दुसऱ्याने सांगावेत म्हणून ती थांबली नाही. ज्या समाजाने तिला पाटीला शिवू दिले नव्हते, त्याला तिने शाळेत शिकलेल्या अक्षरांनी जाब विचारला. तो निबंध आजही वाचला जातो. कोणतेही पद नसलेली ही मुलगी होती, हे लक्षात ठेवावे.

उत्तर आयुष्यातही सावित्रीबाई अशाच राहिल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे त्यांनी स्वतः धरले. स्मशानात बाईने जाऊ नये असे मानणाऱ्या समाजात त्यांनी त्यावर लेख लिहिला नाही, फक्त मडके हाती घेऊन चालू लागल्या. १८९३ साली आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे आणले, त्यातच त्यांना प्लेगची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, त्या सावित्रीबाई होत्या, आणि ते दिवस गेले. दिवस गेले हे खरे, पण सगळे गेले असे नाही. फार लांबची नाही, २०२२ सालची गोष्ट सांगते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, ह्या प्रथा आमच्या गावात बंद, असा ठराव त्या गावाने ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितले. ह्यामागे सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याची खटपट होती. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर ह्या प्रथा लादू नयेत, असे त्यांनी आधी स्वतःविषयी लिहून दिले, आणि मग ते गावांना सांगू लागले. पाहा, पुन्हा तेच. आरंभ स्वतःच्या घरापासून, आणि तोही लिहून.

आणि आता आपल्याविषयी. माझ्या लहानपणी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमची विधवा आत्या सकाळपासून राबत असे. वाण तिने मांडावयाचे, तिळगूळ तिने करावयाचा, रांगोळी तिने काढावयाची, आणि बायका येऊ लागल्या की तिने स्वयंपाकघरात जाऊन बसावयाचे. दार किंचित लोटलेले असे. त्या फटीतून तिचे डोळे मला दिसत. मी एकदा आईला विचारले, "आत्या का नाही येत?" आई म्हणाली, "तिला आवडत नाही." मी ते पुष्कळ वर्षे खरे मानले. आत्या गेल्यावर तिची पेटी उघडली, तेव्हा तळाशी एका चिंधीत बांधलेली हिरव्या काचेची दोन काकणे निघाली.

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाचे हळदीकुंकू झाले. मंडप चांगला झाला, वाणेही चांगली लुटली गेली. वर्षभर ज्या भगिनीने आपल्या बचतीचा पै-पैचा हिशेब ठेवला, ती मात्र त्या दिवशी आली नाही. तिचे यजमान आदल्या पावसाळ्यात वारले होते. तिला येऊ नको असे कोणी म्हटले नव्हते. परंतु ये असेही कोणी म्हटले नव्हते. त्या 'कोणी' मध्ये मीही होते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण सावित्रीबाईंची पत्रे वाचून झाल्यावर न लिहिणे अधिक संकोचाचे वाटले.

म्हणून चिटणीसबाईंच्या प्रश्नाला माझे उत्तर मी येथे लिहून ठेवते. एकटी बाई समाजाला एकदम जागे करू शकत नाही. पण जेथे ती उभी आहे तेथे ती गप्प न बसू शकते. भावाशी, जावेशी, शेजारणीशी ती बोलू शकते, आणि तेही नाते न तोडता. अन्याय होत असेल तेथे ती जाऊन उभी राहू शकते. जे पाहिले ते ती लिहू शकते. आणि दुसऱ्याला "ये" असे म्हणताना ती आपले दार उघडू शकते. चार माणसांनी असे केले की पुढे गावाचा ठराव होतो.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या आमंत्रणाच्या चिठ्ठ्या कोणी वाटावयाच्या, याची यादी लवकरच होईल. आपल्या त्या हिशेबनीस भगिनीकडची चिठ्ठी मला द्यावी, अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे. मी ती घेऊन जाईन. आणि केवळ चिठ्ठी देऊन परत येणार नाही. तिला बरोबर घेऊनच येईन, व पहिले कुंकू तिने मला लावावे असे सांगेन. ज्या भगिनींना हे पटत नसेल, त्यांनी माझ्याशी येऊन जरूर वाद घालावा. आमच्या घरी चहा तयार असेल.